खोडलेल्या ओंडक्याच्या फळ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून पडद्यावर एकच पान. पांढरं, मधात ५००. क्लासमध्ये सर मागून येऊन पाहून गेले. म्हणे, "पाचशे म्हणजे आपल्या सर्व्हरात गडबड. पाहणाऱ्याची चूक नाही, आपली." मले वाटलं मलेच बोलले. दुपारी सापडलं. कोडात एक कंस बंद करायचा राहिला होता.

आठ वर्षं ऑफिसात दुसऱ्यानं बनवलेले रकाने भरले. डिसेंबरात कंत्राट संपलं. आता ते भरलेलं ज्याच्यात जाऊन पडते, ती मागची बाजू बनवणं शिकून राहिली. बत्तिसाव्या वर्षी. बॅचमध्ये बाकी सगळे एकवीस-बावीसचे. ताई म्हणतात. एकानं परवा काकू म्हटलं. ऐकू आलं नाही असं केलं.

९ फेब्रु., सोमवार

मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जागा निघून राहिली आहे. सरांची तिथे ओळख. "सर्टिफिकेट कोणी पाहत नाही. खरं कोणी रोज वापरते असं काही करून आण, मंग मी तुझं नाव देतो."

खरं कोणी. माह्या ओळखीत कम्प्युटर रोज वापरणारं आहे कोण?

घरी आली तं बाबा पायरीवर बसून बोटातलं कुसळ सुईनं काढून राहिले होते. लकडगंजात आरा मशीनवर सव्वीस वर्षं लाकूड मोजून राहिले, बोटात कुसळ नाही असा आठवडा जात नाही. त्यांले सगळं सांगितलं. म्हणे, "मंग आमचं रजिस्टर कर ना. शेठ दिवाळीपासून मागं लागले का कम्प्युटरवर घ्या म्हणून."

इतकं सोपं होतं. मलेच सुचलं नाही.

१७ फेब्रु., मंगळवार

बाबांसंग लकडगंज. दिवसभर भुसा. केसातून अजून निघून राहिला.

रजिस्टर असं: ओंडका आला का त्याले नंबर. तोच नंबर गेरूनं लाकडाच्या तोंडावर. ओंडका फाडला का त्याच्याखाली निघालेल्या फळ्या, चौकटी ओळीनं लिहायच्या, त्यांच्यावर बी तोच नंबर. पूर्ण फाडून झाला का वरच्या ओंडक्यावर लाल रेघ. "फाडला का खोडाचा," बाबा म्हणाले. "नाहीतं एकच लाकूड दोनदा मोजल्या जाते." तीनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

शेठ चांगले बोलले. "बना दे बेटी. तेरे बाप की आँखें भी बचेंगी."

२२ फेब्रु., रविवार

दोन तक्ते केले. एक ओंडक्यांचा, एक फळ्यांचा. फळीले तिचा ओंडका जोडायचा. जोडताना फ्रेमवर्क, तो कोडचा तयार सांगाडा, विचारते: वरचा गेला तं खालच्यांचं काय करायचं? ते लिहिल्याशिवाय हलतच नाही. धड्यात जे होतं तेच टाकलं. चाललं.

मंग "खोडा" बटण. एक खोटा ओंडका टाकून पाहिला, दाबलं, गेला. छान.

आई विहारात चल म्हणून दोनदा दारात आली. "काय वं, बुबळं बाहेर येतील तुही." गेली नाही. आई एकटीच गेली. आता वाईट वाटून राहिलं.

२ मार्च, सोमवार

चालू झालं. खऱ्या सर्व्हरवर, खऱ्या माणसाच्या हातात. बाबा एका बोटानं टाइप करतात, प्रत्येक अक्षर शोधून, पण चुकत नाहीत. पहिली नोंद टाकून झाली तं आऱ्यावरच्या सगळ्यांले बोलावून दाखवली. "माह्या पोट्टीनं केलं."

कागदाचं रजिस्टर मी बंद करायले लावलं. बाबा म्हणे, राहू दे काही दिवस संगसंग. मी म्हटलं, दोन दोन जागी काहून लिहिता, माह्यावर भरोसा नाही का तुमचा? बाबांनी मंग रजिस्टर बांधून माळ्यावर टाकलं.

९ मार्च, सोमवार

दुसऱ्या दोन कंपन्यांकडून नाही आलं. एकीनं लिहिलं, फ्रेशर पाहिजे. मी फ्रेशर नाही तं काय आहे?

सर्व्हरच्या डेटाची रोज दुसरीकडे कॉपी पडली पाहिजे, असं आज सरांनी शिकवलं. माह्या सिस्टिमची पडत नाही. या आठवड्यात करते.

१८ मार्च, बुधवार

सरांनी नाव दिलं. पुढच्या बुधवारी इंटरव्ह्यू. फॉर्ममध्ये विचारलं, सिस्टिम कोण वापरते, फोन नंबर द्या. शेठचा दिला. शेठ म्हणे, "आने दो फोन, मैं बोलूँगा."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. कॉपीचं राहिलंच.

२३ मार्च, सोमवार

बाबा दुपारी दीडलेच घरी. डबा तसाच भरलेला.

शेठनं आज मोजणी केली. वखारीत एक्केचाळीस नग सागवान असं निघालं, ज्याची कम्प्युटरवर नोंदच नाही. लाकडावर गेरूचे नंबर आहेत, बाबांच्याच हातचे. शेठ म्हणाले, "ओंडका काढून टाकला, माल लिहिला नाही. मतलब क्या समझूँ?" सगळ्यांसमोर. मतलब एकच निघते, नोंद नसलेला माल कधी बी गाडीत टाकून न्यावा.

बाबा म्हणाले, मी लिहिला होता. शेठ म्हणाले, लिहिला असता तर दिसला असता. मंग म्हणे, "कुछ दिन घर बैठो, आराम करो."

सव्वीस वर्षांत त्या वखारीतून खुंटीएवढं लाकूड घरी आणलं नाही या माणसानं. आमच्या देव्हाऱ्याच्या जागी जी मूर्ती आहे, तिचं स्टूल बी विकत आणलेलं आहे.

२४ मार्च, मंगळवार

बाबा सकाळपासून खाटेवर. मधीच म्हणे, "एकशे बाराच्या चौदा. एकशे एकोणीसच्या अकरा. एकशे तेवीसच्या सोळा." मी बेरीज केली. एक्केचाळीस. मी म्हटलं, बाबा, तुम्हाले तं सगळं तोंडपाठ आहे. म्हणे, "लाकूड आठवते. लिहिलं ते बी आठवते. पण पडद्यावर नाही ना. म्हणजे लिहिलंच नसन. माह्यं डोकं बी दादासारखंच चाललं."

दादा म्हणजे मोठे बाबा, बाबांचे मोठे भाऊ. काटोलले राहायचे. शेवटी शेवटी बसस्टँडवर बसून राहत, घर कुठं ते आठवत नसे. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

दु. तीन वाजता मी माह्या कम्प्युटरवर एक ओंडका टाकला, त्याच्याखाली चार फळ्या. "खोडा" दाबलं. ओंडका गेला. फळ्या पाहिल्या.

चारही गेल्या.

परत केलं. परत गेल्या. सहादा केलं. धड्यातून उचलून जे टाकलं होतं त्याचा अर्थ हाच होता, वरचा गेला का खालचे सगळे घेऊन जायचे. कागदावर लाल रेघ मारली तं खालचं सगळं दिसत राहते. मी खाली काही नसलेला ओंडका खोडून पाहिला अन् छान म्हणून उठली होती. बाबांनी शिकवलं तसंच केलं, फाडला का खोडला, तीन ओंडके. एक्केचाळीस नग माह्या बटणानं खाल्ले.

दुरुस्त कराले चार मिनिटं लागली. गेलेलं परत येत नाही. कॉपी नाही, रजिस्टर २ मार्चपासून माळ्यावर.

बाबा शेजारच्या खोलीत होते. दहा पावलं. मी गेली नाही. उद्या इंटरव्ह्यू आहे.

२५ मार्च, बुधवार

मिहान. दोन बस बदलून. तिघं होते. एका बाईंनी विचारलं, "तुमच्या सिस्टिममध्ये मुख्य नोंद काढली तर तिच्या खालच्या नोंदींचं काय होतं?"

मी उत्तर दिलं. काढायचीच नाही, नुसती खूण करायची, खालचं सुरक्षित ठेवायचं, काहून अन् कसं ते सगळं. असं बोलली का पहिल्या दिवशीच विचार करून केलं आहे. बाईंनी शेजारच्याकडे पाहून मान हलवली. म्हणाल्या, नवीन लोक इथंच चुकतात.

कधी काही बिघडलं का, हे बी विचारलं. नाही म्हटलं.

घरी आली तं बाबा म्हणे, कसा गेला? चांगला, म्हटलं. ते हसले. मले स्वतःची किळस आली.

२६ मार्च, गुरुवार

क्लासले गेली नाही. बाबांनी आईले विचारलं, आज वार कोणता. आईनं माह्याकडे पाहिलं. वार तं आम्ही बी विसरतो. पण आता ते विचारतात अन् मंग स्वतःच घाबरतात.

२७ मार्च, शुक्रवार

सांगितलं. बाबांसमोर लॅपटॉप ठेवला, ओंडका टाकला, फळ्या टाकल्या, त्यांच्याच हातानं "खोडा" दाबायले लावलं. जुनं बटण मुद्दाम परत लावून.

लय वेळ पडद्याकडे पाहत बसले. मंग म्हणे, "म्हणजे मी लिहिलं होतं."

हाव बाबा.

"सगळं लिहिलं होतं."

हाव.

उठले, तोंड धुतलं, आईले म्हणाले चहा टाक. पाच दिवसांत पहिल्यांदा मागून चहा घेतला. मी रडून राहिली होती तं म्हणे, "काहून रडतं वं? माह्यं डोकं जागेवर आहे."

मी म्हटलं, सोमवारी शेठले जाऊन सांगते. बाबांनी कप खाली ठेवला. "शेठले नाही सांगाचं. त्या कंपनीचा फोन त्यांलेच येणार ना? बुढा विसरला म्हणतील तं माह्यं काही बिघडत नाही. पोट्टीनं बिघडवलं म्हटलं तं तुले कोण घेईन?"

मी म्हटलं, लोक तुम्हाले चोर म्हणून राहिले. ते म्हणे, "ते मी पाहतो."

२८ मार्च, शनिवार

बाबा सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर गेले. कुठं ते सांगितलं नाही. दोन तासांनी आले, भाजी घेऊन. मी विचारलं नाही. विचाराले पाहिजे होतं.

३० मार्च, सोमवार

कंपनीची मेल. जवळजवळ ठरलं आहे, बुधवारी स. ११ वाजता शेठले फोन करून मंग कळवतात.

मी तडक लकडगंज गाठलं. रस्त्यानं वाक्यं पाठ केली. शेठ, चूक बाबांची नाही, माझी आहे. इतकंच तं म्हणायचं होतं.

शेठनं खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "तेरे बाबा शनिवार को आये थे. सब मान लिया." अन् टेबलाच्या काचेखालचा कागद काढून दाखवला. बाबांचं अक्षर, तेच, रजिस्टरातलं, एका रेघेत. "वयामुळे लक्षात राहत नाही. एक्केचाळीस नगांची नोंद करायची राहिली. मनात काही वाईट नव्हतं. कम्प्युटरचा दोष नाही." खाली सही.

शेठ म्हणे, मी माफ केलं, पुराना आदमी है, पण आता कामावर नको. अन् म्हणे, "तू होशियार है. कंपनीवालों को बढ़िया बोलूँगा तेरे बारे में."

मी थँक्यू म्हटलं. तोंडातून निघून गेलं. बाहेर येऊन आऱ्याच्या आवाजात उभी राहिली, मंग बस पकडली.

आता खरं सांगितलं तं माह्यी नोकरी जाईन, ते ठीक. पण बाबांनी सहीनिशी खोटं लिहून दिलं हे बी माह्याच तोंडून निघन. सव्वीस वर्षांत एकच खोटं लिहिलं त्यांनी. माह्यासाठी.

३१ मार्च, मंगळवार

बाबांनी शुक्रवारपासून वार विचारला नाही. खाटेवर पडून छताकडे पाहत राहतात. कामाले जायच्या वेळेले उठतात, सदऱ्याकडे जातात, परत येऊन बसतात. आई त्यांले भाजी निवडाले देते.

दुपारी मी त्यांच्याजवळ बसली. म्हटलं, शेठनं कागद दाखवला मले. बाबा म्हणे, "अक्षर नीट आलं होतं ना?" हाव म्हटलं. मंग म्हणे, "बोलली तं नाही ना काही?" नाही म्हटलं. त्यांनी माह्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मले सहन होत नव्हता.

उद्या अकराले फोन येईन. मी दहाले शेठकडे जाणार आहे, लॅपटॉप घेऊन, बाबांले दाखवलं तसंच दाखवणार आहे. ठरवलं आहे. काल बी ठरवलंच होतं.