खरखर राहू दे

सोमवार, ३ तारीख

आलो बाई एकदाचे! दोन ट्रंका, एक गादी, शेगडी आणि कडेवर लेक, चिमणी. खोली दुकानाच्या वरच आहे. जिना लाकडी, दुसरी पायरी तेवढी हलते. खिडकीतून समोरचा टायरवाला दिसतो. उजेड भरपूर. चिमणीने आल्या आल्या भिंतीवर हात आपटून ता ता ता सुरू केलं, जशी काही खोली तिनेच पसंत केलीय. अकरा महिन्यांची आहे पण तोंडाला विसावा म्हणून नाही. यांना बा म्हणते, मांजरालाही बा म्हणते. आई मात्र अजून म्हणत नाही. मी रोज वाट बघते.

हे ट्रक चालवतात, आठ आठ दिवस बाहेर. म्हणून खालच्या मिस्त्रींकडे मला काम बघितलं. मिस्त्री रेडिओ, स्पीकर, अँप्लिफायर दुरुस्त करतात, पण डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. मी लग्नाआधी तीन वर्षं कारखान्यात डाख लावलाय, कथील वितळवून तारा जोडल्यात, हात बसलेला आहे. मिस्त्री म्हणाले, पोरी, डोळे तुझे, डोकं माझं, मिळून एक धड माणूस होईल. ही वही त्यांनीच दिली. काय उघडलं, काय बदललं ते रोज लिहायचं. मी म्हटलं, काका, माझी शाळा सहावीपर्यंतच. तर म्हणाले, माझी चौथीपर्यंत, तू माझी साहेब झालीस.

मंगळवार, ४

आज पहिलं मोठं काम आलं. गिटारचा जुना अँप्लिफायर, ट्रान्झिस्टरवाला. काळं खोकं, कोपऱ्यांना पत्रा, उचलायला दोन माणसं लागतात. हमालांनी आत ठेवला, आणणारा म्हातारा दारातच थांबला. बोलला काहीच नाही, नुसती चिठ्ठी पुढे केली. खरखर करतो, तेरा तारखेला येईन, खाली फोन नंबर. मला वाटलं बिचारा मुका असेल.

चालू केला तर गरम तव्यावर पाणी शिंपडावं तशी खरखर. मागची फळी खोलली. आतल्या बाजूला आधीच्या मिस्त्र्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, जॅक साफ केला, कंडेन्सर बदलला, असं. चार जणांची चार अक्षरं. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, खरखर राहू दे.

मी वाचून दाखवलं तर मिस्त्री पोट धरून हसले. म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं! आपल्याकडे आवाज स्वच्छ झाल्याशिवाय माल उंबरा ओलांडत नाही. आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट डबीत ठेवायचा, गिऱ्हाइकाला परत द्यायचा. हा नियम.

गुरुवार, ६

कालपासून तेच काम. व्हॉल्यूम शून्यावर आणला तर खरखर बंद. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, मिस्त्री म्हणाले. बटणांत स्प्रे मारून ती पन्नास वेळा फिरवली. थोडा फरक. मग लाकडी काडीने एकेका पार्टला टक टक करायचं, ज्याला लागल्यावर खरखर वाढेल तो चोर. मला हे काम फार आवडलं. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून बघतात ना, तसं.

दुकानात गिटार नाही. आवाज तर आत सोडायला हवा. मिस्त्रींनी एक जुना माइक जोडून दिला. मी हॅलो हॅलो केलं, खरखर तशीच. चिमणी बाजूला खोक्यात बसली होती, तिने माइक ओढून तोंडात घातला आणि ता ता केलं. खरखर एकदम थांबली! तिचा आवाज काचेसारखा बाहेर. मिस्त्री म्हणाले, वा गं वा, आईपेक्षा लेक कामाची. आता हिलाच पगार देतो.

शनिवार, ८

दोन कंडेन्सर बदलले. वायर खुपसायच्या जॅकचा डाख सुटला होता, नवा लावला. दर वेळी तपासायला चिमणीच्या हातात माइक. तीही खुशीत. खरखर आता अगदी बारीक, कान लावला तर ऐकू येते.

चिमणीचा घसा बसलाय. दुकानातल्या धुराने असेल. उद्यापासून खिडकीजवळ बसवीन.

सोमवार, १०

पुढचा ट्रान्झिस्टर बदलला. आवाज स्वच्छ. मिस्त्रींनी पाठ थोपटली, म्हणाले, चार जणांना जमलं नाही ते तू केलंस. मला आनंद व्हायला हवा होता.

चिमणीला डॉक्टरकडे नेलं. टॉर्च मारून बघितलं. घसा साफ, छाती साफ, ताप नाही. म्हणाले, नवीन जागा आहे, होईल ठीक. पण ती रडते तेव्हा रडं येत नाही. तोंड उघडतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि आवाज — कोरडा. तुटक. मी हा आवाज आठवडाभर ऐकलाय. मला खूण पटते पण मी ती मनाला पटू देत नाही.

मंगळवार, ११

सकाळी तिला दूध पाजताना पाठीवर बोटाने टक केलं. एकदाच. खरखर थांबली आणि तिचा खरा आवाज आला, एक ता. मग परत खरखर. परत टक केलं. परत ता. सुटलेल्या डाखासारखं.

तिला घेऊन खाली धावले. मिस्त्रींना सांगितलं. म्हणाले, तू थकलीस पोरी, मनाचे खेळ. मी म्हटलं, काका, कान द्या हिच्या छातीला. त्यांनी दिला. डोळे अधू असले तरी चाळीस वर्षांचे कान आहेत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. खुर्चीवर बसले.

तेवढ्यात टेबलावरून कुणी म्हणालं, आई.

चिमणी माझ्या कडेवर होती. तोंड मिटलेलं. अँप्लिफायरमधून आलं. माझ्या लेकीचा पहिला आई शब्द, त्या खोक्यातून. मी ओ म्हटलं. सवयीने. म्हणायला नको होतं.

बुधवार, १२

पहाटेपासून एकच काम. डबीतले जुने पार्ट परत लावतेय. कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, सगळे. हात दोनदा भाजला. जॅकचा नवा डाख काढून सुटा केला. सगळं जसं होतं तसं. चालू केला —

स्वच्छ. खरखर नाही. ती पार्टात नव्हतीच.

चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. उचलला. मी ओरडले, हे काय आणून ठेवलंत आमच्याकडे, लेकरू आहे माझं. पलीकडून नुसती खरखर. लाईनची वाटली. मग ती थांबली, श्वास घेतला, परत खरखर. तो म्हातारा मुका नव्हता. ती खरखर त्याच्याच घशातली.

यांना फोन लागत नाही. मिस्त्री म्हणतात, खोकं नदीत टाकू. मी म्हटलं, आणि आत तिचा आवाज आहे तो?

गुरुवार, १३, सकाळ

तो आज येणार. त्याच्या आधी —

तिचा आवाज माइकमधून गेला ना. मग माइकमधूनच द्यायचा. तिच्या बदल्यात माझा. मिस्त्री नको नको म्हणत होते, हात धरत होते. मी दोन तास बोलले. तिला झोपवताना म्हणते ते सगळं. ये गं चिमणे, ये. घसा सुकला. मिस्त्री रडत होते.

दहा वाजता चिमणी म्हणाली, आई.

तोंडाने. तिच्या तोंडाने. ओठ हलताना बघितले मी!

ओ म्हणायला गेले. नुसती खरखर. चालेल. मिस्त्रींनी प्लग काढून टाकला. म्हणाले, वहीत लिहून बोल आता माझ्याशी, मी भिंग लावून वाचीन. म्हणून लिहितेय. ती खाली जमिनीवर खेळतेय. आई आई करतेय. मिस्त्री दार लावायला गेलेत, गिऱ्हाईक आलं तर —

माझा आवाज.

मागून, खोक्यातून. प्लग काढलेला आहे, वायर माझ्या समोर पडलीय. ये गं चिमणे, ये — गोड, मी कधी इतकी गोड बोलले नाही —

तिने मान वळवली. हसतेय. रांगत निघाली. मी ओरडतेय, नुसतं खर्र, तिने वळूनही बघितलं नाही, खोक्याची मागची फळी उघडी आहे, ती आत हात —