राखलेल्या जागा

३ मार्च
नोकरी लागली! गुलमंडीत बद्रीनाथकाकांचं कापडाचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर त्यांनी हौसेनं जमवलेली चित्रं. प्रत्येकाखाली अर्थ लिहून लावायचा, एवढंच काम. लोकांना अर्थ पायजे, नुसतं चित्र कोन पाहतं, म्हणाले. दारोदार शिकवण्या करून पाय मोडले होते. इथं खुर्ची आहे, पंखा आहे. शाळा सुटल्यावर प्रेरणालाही इथंच बसवायची परवानगी मिळाली. तिचे बाबा गेल्यापासून पोरीला घरी एकटं ठेवायचं म्हणजे जिवाला घोर.

६ मार्च
पहिलं चित्र जुन्या सराईचं, जलरंगातलं. मातकट भिंती, कमानीखाली पायरी आणि पायरीवर दोन कोऱ्या जागा, एक मोठी, एक लहान. जलरंगात पांढरा लावत नाहीत, तेवढा कागद कोरा राखतात. म्हणजे या जागा चित्रकारानं आधीच ठरवून राखल्या. कोणासाठी? डोकं चालेना, काकांची घाई. शेवटी लिहून टाकलं, 'दमलेली आई आणि तिची लेक सावलीत विसावल्या आहेत.' स्वतःचंच गाऱ्हाणं अर्थ म्हणून खपवलं झालं. काका खूश.

९ मार्च
लहान जागेत निळा रंग आलाय. कोणी हात लावला म्हणून विचारलं, तर काका म्हणाले काच ठोकलेली हाय, हात लावतंय कोन. घरी पुंडलिकनगरला आल्यावर पाहिलं, प्रेरणाचा शाळेचा निळा स्कर्ट पार विटलाय. साबणाला शिव्या घातल्या आणि आडवी झाले.

११ मार्च
चित्रातल्या पोरीच्या वेणीला लाल रिबिनी. प्रेरणाच्या पांढऱ्या. सकाळी मीच लाल बांधल्या होत्या. तिचे ओठही फिके पडलेत. त्या पायरीवर लई गार वाटतं, म्हणाली. पण ती तिथं बसली कधी —

१२ मार्च
लिहिलेलं फाडलं. 'पायरी रिकामी आहे' असं लावलं. निळा तसाच. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. मला भीती वाटतेय. आणि तरी इतकी झोप येतेय.

१३ मार्च
प्रेरणाला घरी झोपवून नोकरी सोडते सांगायला गेले. चित्रात तिचा चेहरा पुरा झालाय. घरी धावले. दाराला कुलूप तसंच. अंथरुणावर फक्त पाण्याचा डाग — तिच्याएवढा.

१४ मार्च
पायरीवर ती एकटीच. शेजारची जागा अजून कोरी.
काच फोडायला हात उचलला — साडीचा हिरवा उतरतोय. तिकडं पदर दिसायला लागलाय.
नाही फोडत. पोरीला एकटं कसं ठेवू.
लई दमले. प्रेरणा, जरा सरक, आई