चुम्वीची वाळू

८ जुलै, मंगळवार

सकाळी कबरस्तानात शेबेच्या कबरीवर जाऊन आलो. येताना साखर आणली. दुपारी नारळाच्या रसात शिजवलेली तूर होती. मायमुनाने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. चुम्वीने पुन्हा शेबेच्या गादीवर घाण केली.

बोक्याचा दोष नाही. त्याच्या टबातली वाळू संपत आलीय. वाळू शेबे आणायचा. कुठून, कशी — कधी विचारलंच नाही. कमावता मुलगा घरात असताना बाप असल्या गोष्टी विचारत नाही. आता विचारायला तो नाही. त्याच्या बायकोला विचारायचा धीर होत नाही.

तीन पायांचा बोका. गोदीत साखळीखाली पाय चेचला होता, शेबेने शर्टात गुंडाळून आणला. आमच्या भाषेत चुम्वी म्हणजे मीठ. रंग तसाच. आमचा जिना उभा, त्याला उतरता येत नाही. म्हणजे टब हवाच.

मायमुनालाही उतरता येत नाही. इद्दत आहे, नवरा गेल्यावर घरात बसायचे दिवस. त्यात पाचवा महिना, म्हणजे बाळ होईल तेव्हाच इद्दत सुटायची. सून आणि बोका दिवसभर त्याच दोन खोल्यांत. आणि मी.

११ जुलै, शुक्रवार

नमाजानंतर सालामा आली. दारातच नाक धरलं. "दादा, घर आहे की मासळीबाजार?" मग आवाज खाली आणून — "पोटुशी बाई आणि मांजर एका छपराखाली! त्या घाणीतून रोग होतो. मूल आंधळं जन्मतं म्हणतात. बाजारात सोडून ये त्याला, माशांची डोकी खाऊन नवाब होईल."

बघतो म्हणालो.

"जन्मभर बघतोसच आहेस!"

माझी धाकटी बहीण, पण बोलते आईसारखी. जाताना टबाशेजारी ऊद जाळून गेली. बोका तीनदा शिंकला आणि पलंगाखाली गेला.

मायमुना आत होती. सगळं ऐकलं असणार. उठली, बशीत दूध ओतलं आणि चुम्वीपुढे ठेवलं. मी समजलो. नवऱ्याची एवढीच वस्तू उरलीय तिच्याजवळ. ती काढून घेतली तर काय होईल?

१२ जुलै, शनिवार

दवाखान्यात जाऊन नर्स कादझोला विचारलं. रोग खोटा नाही! पण मांजर सोडायची गरज नाही म्हणाली. घाण रोजच्या रोज उचलायची. ताजी असताना ती बाधत नाही, पडून राहिली की बाधते. गरोदर बाईने टबाला हात लावायचा नाही. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. "आणि तुम्ही हात धुवा, म्झे. साबणाने. पुरुष नुसते ओले करतात." माझ्या वयाच्या माणसाला इथे सगळे म्झेच म्हणतात.

म्हणजे आता हे काम माझं. मायमुनाला सांगितलं. तिने मान हलवली.

१५ जुलै, मंगळवार

पुलापलीकडच्या मोठ्या दुकानातून पिशवी आणली. मांजरासाठीच बनवलेली माती, पिशवीवर गुलाब. ओतताना एवढी धूळ उडाली की मायमुनाला खोकल्याची उबळ आली. पोट धरून खोकत होती. मी खिडक्या उघडत सुटलो. तोंडाने माफी मागत होतो की दुआ, ते माझं मलाच कळेना.

चुम्वीने वास घेतला, पंजा झटकला आणि गादीवर गेला.

१९ जुलै, शनिवार

सुतार कोंबोने लाकडाचा भुसा दिला. पोतंभर, फुकट. "गोड लाकूड आहे, काका. जुनी बोट मोडतोय. बोक्याला काय, राजालाही चालेल." भुसा मऊ, धूळ नाही. टबाची एक बाजू कापून खाली आणली, म्हणजे तीन पायांवर चढता येईल. कापलेल्या कडेला गोणपाट शिवलं. सुई धरायला मायमुनाने शिकवलं. बऱ्याच दिवसांनी तिला किंचित हसताना पाहिलं.

चुम्वी लगेच टबात गेला! तोंड खाली घालून बराच वेळ बसला. मला बरं वाटलं.

२० जुलै, रविवार

तो भुसा खात होता!

सकाळी ओकला. पिवळं, भुशाचे गोळे. दिवसभर पडून. मूठभर भुसा नाकाशी नेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुन्या बोटीची लाकडं. वर्षानुवर्षं त्यांना मुशी माशाचं तेल चोपडलेलं. मी गोदीच्या कचेरीत जन्म काढला, बोटींच्या तेलाचा वास नाकात मुरलाय — म्हणूनच आला नाही. बोक्याला मात्र जेवणाचं ताट वाटलं!

कोंबोला सांगितलं तर पोट धरून हसला. "मग त्याला टब नको, काका. चमचा द्या." मला हसू आलं नाही. मेला असता तर मायमुनाला काय सांगितलं असतं?

२१ जुलै, सोमवार

दोन घोट पाणी प्यायला. रात्री लघवी केली, जमिनीवर. रागावलो नाही. पुसून घेतली.

२४ जुलै, गुरुवार

वाळूचा पत्ता लागला. किल्ल्याखालच्या पुळणीवर म्वाचिरो जाळं शिवत बसला होता. म्हणाला, "तुमचा शेबे इथूनच न्यायचा की! भरती जिथं रोज धुऊन जाते तिथली. वरची नाही, तिथं गावभरची कुत्री-मांजरं बसतात. इथंच चाळायचा, गाणं म्हणत. आवाज अगदी वाईट."

शेबे गायचा? घरात कधी ऐकलं नाही.

बादलीभर आणली. गोड्या पाण्याने धुतली, गच्चीवर पत्र्यावर वाळत घातली. जिना चढताना दम लागला. तीनदा थांबलो. वाटेत चुम्वीशी बोलत राहिलो, तो वरच्या पायरीवर बसून बघत होता. मुकादमच!

२६ जुलै, शनिवार

टबात दोन बोटं उंच वाळू. चुम्वीने उकरली, बसला, झाकली. अल्हम्दुलिल्लाह.

५ ऑगस्ट, मंगळवार

आता क्रम ठरलाय. पहाटे फज्रची नमाज, मग टब. चाळणीने उचलायचं, कागदात बांधायचं, हात धुवायचे — साबणाने. जुम्याला सगळी वाळू बदलायची, टब गरम पाण्याने घासायचा. वासाचं काही नाही. मांस उकडून. टब आता जिन्याच्या कोपऱ्यात, मायमुनाच्या खोलीपासून लांब.

काम करताना चुम्वीशी बोलतो. काय बोलतो ते लिहिण्यासारखं नाही.

सालामाचा निरोप — बोका अजून आहे का? आहे म्हणावं.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज टब आधीच साफ होता.

चुम्वी आजारी, असं वाटलं. लघवी अडली की बोके मरतात म्हणे. पोट दाबून पाहिलं, तो चावला. पण खाल्लं, प्यायलाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजही साफ. चाळणी ओली. कोणी तरी धुऊन ठेवलेली.

घरात दोनच माणसं. दिवसभर विचारायचं म्हणून तिच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

२० ऑगस्ट, बुधवार

अंधार असतानाच उठलो. मायमुना जिन्याच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. पोट सांभाळत. चाळणी हातात — उघड्या हातात!

मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर पहिल्यांदा. ती उठली, भिंतीला धरून. "पाय अवघडलेत, बाबा, झोप येत नाही. म्हटलं तेवढंच करावं." पुढचं नीट ऐकू आलं नाही. मी तिच्या हातांवर पाणी ओतत होतो. साबण संपेपर्यंत.

विचारलं किती दिवस झाले. म्हणाली, बरेच. कधी कधी. तुमच्या आधी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तिला बुरखा घालून दवाखान्यात नेलं. इलाजासाठी बाहेर पडता येतं, इमामसाहेबांना विचारून घेतलं होतं. कादझोने रक्त घेतलं. मोठ्या इस्पितळात जाईल, वेळ लागेल. मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्झे, रक्त तिचं घेतलंय, तुमचं नाही. बसा आधी."

सालामाचं ऐकायला हवं होतं. बोका गेला असता तर सून रडली असती. रडून थांबली असती. आता शेबेच्या लेकराला काही झालं तर?

२५ ऑगस्ट, सोमवार

रक्ताचं काही कळलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी चुम्वीला टोपलीत घालून मासळीबाजारापर्यंत गेलो. तो टोपलीच्या फटीतून बघत होता. मायमुना विचारील, कुठे गेला. काय सांगू? परत आणला. बाजारातल्या बायका म्हणाल्या, "म्झे, मासा घरी न्यायचा असतो, मांजर नाही!"

२ सप्टेंबर, मंगळवार

रक्तात जुनी खूण आहे. नवी नाही!

कादझोने दोनदा समजावलं. तो रोग तिला लहानपणीच कधी तरी होऊन गेलाय, कळलाही नसेल. अंगात ताकद आलीय, बाळाला धोका नाही. "लामूची ना ही? तिथं माणसांपेक्षा मांजरं जास्त," ती म्हणाली. "मांसातूनही होतो, मातीतूनही. पण टब तुम्हीच साफ करायचा हं."

येताना कोपऱ्यावर आलं घातलेली कॉफी प्यायलो.

मायमुनाला सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "आता तरी झोपाल ना, बाबा?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलगी. डोळे उघडे, टक्क. दिव्याकडे बघते!

इद्दत सुटली. सालामाने मायमुनाला न्हाऊ घातलं, रंगीत खांगा नेसवला. मी बाहेर जिन्यावर होतो. चुम्वीला सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

मायमुनाचा भाऊ हमादी तिला लामूला न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते राहिलं, आता चाळिसावा तरी आईकडे. मी चुम्वीसाठी आंब्याच्या टोपलीत जुनं फडकं घालून, वाळूचं पोतं बांधून तयार ठेवलं होतं.

"हे कोणासाठी, काका?" हमादी हसत सुटला. "मायमुना आणि मांजर! लहानपणी मांजर दिसलं की ही विहिरीच्या कठड्यावर चढायची. अजूनही अंगाला काटा येतो हिच्या."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने बाळाचं टोपरं सारखं केलं. "ते गेल्यापासून तुम्ही त्याच्याशीच तेवढं बोलत होता, बाबा," म्हणाली. "आणि जिन्यात बादली घेऊन थांबायचा तुम्ही, धाप मला आतून ऐकू यायची. म्हणून म्हटलं, टब तरी मी करावा."

बस सुटली. वर आलो. चुम्वी टबाशी बसून होता. पोतं सोडलं, वाळू चाळली.