एका दिवशी एकच कारागीर

॥ श्री ॥
नाशिक, १५ जानेवारी २०२४

ती. कुसाताईस मल्हारीचा सा. न. वि. वि.

कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून तू ते डब्यात ठेवून दिलंस, असं महेशने फोनवर सांगितलं. मोबाईलवरची अक्षरंही म्हणे तुझ्या डोळ्यांपुढे पळतात. तेव्हा आपलं पत्रच बरं. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीमागच्या बाईने मला चष्मा काढून नीट पाहून घेतलं.

बातमी अशी की मखमलाबादच्या प्लॉटवर घराचा सांगाडा उभा राहिला. स्लॅब पडला, विटांच्या भिंती झाल्या. पुढचं सगळं एकाच ठेकेदाराला देऊन टाका आणि सहा महिन्यांत किल्ली घ्या, असं हर्षल बंगळुरूहून सांगतो. सूनबाईंनी एकाचा नंबरही पाठवला. मी नाही म्हणालो. गवंडी वेगळा, प्लंबर वेगळा, वायरमन, फरशीवाला, सुतार, रंगारी, सगळे वेगळे ठरवले आहेत. माल माझा, मेहनत त्यांची, आणि मधला मुकादम मी. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर लोकांच्या मशिनी जुळवल्या, मग पाच-सहा माणसं जुळवायला कितीसा वेळ लागणार?

खाली, रस्त्याच्या बाजूला, एक खोली तुझ्यासाठी काढली आहे. लागूनच न्हाणीघर आहे आणि मध्ये पायरी नाही. नकाशा काढताना ज्योत्स्नानेच सांगितलं होतं की ताईंची खोली खालीच हवी. ती तर घराचा पाया बघायलाही राहिली नाही. तू तरी ये. फ्लॅटमध्ये मला एकट्याला करमत नाही, आणि हे तुझ्यापासून लपवून काय करू?

महेशला व तेजस्विनीला आशीर्वाद. माया आहेच, पत्रातूनही येऊ दे.
तुझा,
मल्हारी


सटाणा, २ फेब्रुवारी २०२४

चि. मल्हारीस ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पोस्टमन दारात उभा राहून हाका मारत होता म्हणे, मी ओट्यावर बसून लसूण सोलत होते. शेवटी त्याने पाकीट सुपात टाकलं तेव्हा मला कळलं.

तू मुकादम झालास हे वाचून हसू आलं. लहानपणी दोन वासरं पाण्यावर न्यायला सांगितली तर एक मळ्यात आणि एक गावात, असा तुझा कारभार. पण हाती घेतलंस तर नीट कर. आमचं घर बांधलं तेव्हा तुझे दाजी कांद्याच्या मार्केटात, सगळं मीच पाहिलं. एक गोष्ट सांगते, प्लंबर आणि वायरमन यांना प्लास्टरच्या आधी एकाच आठवड्यात बोलाव. भांडतील, भांडू दे. भिंत एकदाच फुटते.

माझ्या खोलीचं म्हणशील तर जागा वाया घालवू नकोस. मुलगा-सून धडधाकट असताना मी भावाकडे राहायला गेले तर गाव महेशला नावं ठेवेल. त्या खोलीत धान्याच्या कोठ्या ठेव, नाहीतर हर्षलच्या पोरांची सायकल ठेव.

वेळेवर जेवत जा. हॉटेलचं खाऊन पोट बिघडवू नकोस.
तुझी,
ताई


नाशिक, २० जून २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण मुकादमाला सवड नाही.

तुझा सल्ला मानला नाही, रागावू नकोस. मी नियम केला आहे, एका दिवशी एकच कारागीर. दोघे आले की शिडीवरून भांडतात, एकाने केलेलं दुसऱ्याच्या पायाखाली येतं, आणि मला कोणाशीच धड बोलता येत नाही. त्यामुळे काम जरा रेंगाळतं. मध्ये एक घोटाळाही झाला. पुंजा प्लंबरने नळाच्या पायपात पाणी भरून तपासायचं होतं, त्याआधीच मी फरशीवाल्याला वरच्या न्हाणीघरात घातलं. फरशी चकाचक बसली आणि खालच्या छतावर ओल उतरली. सगळी उखडावी लागली. पुंजा म्हणाला फरशीवाल्याने पाईप फोडला, फरशीवाला म्हणाला पुंजाने जोडलाच नव्हता. मी दोघांनाही चहा पाजला.

लहानू गवंडी पेठकडचा. दुपारी आपल्या फडक्यातली अर्धी नागलीची भाकर माझ्यापुढे ठेवतो आणि मी खाल्ल्याशिवाय उठत नाही. राजू वायरमन तर सकाळी दात घासत असतानाच फोन करतो, बटणं किती उंचीवर घेऊ, पंखा मधोमध की पलंगावर. मी म्हणतो, ये, उभा राहून ठरवू. मग आम्ही उभे राहून ठरवतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरवतो.

तू येणार नाहीस म्हणालीस म्हणून तुझ्या खोलीत सध्या सिमेंटच्या गोण्या आहेत. तिचं शेवटी पाहू.

पाऊस यंदा बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे ते कळव, आणि मला विसरू नकोस.
तुझा,
मल्हारी


सटाणा, १८ नोव्हेंबर २०२४

चि. मल्हारीस अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू आला नाहीस. फरशी पॉलिशवाला येणार होता म्हणे. भाऊबीजेचं ताट मी चंद्राला ओवाळून ठेवून दिलं.

परवा महेश पिंपळगावला कांदा घेऊन गेला होता, तसाच पुढे येऊन तुझ्याकडे डोकावला. ते तुला माहीत आहे, पण त्याने घरी येऊन मला पाटीवर काय लिहून दाखवलं ते माहीत नाही. म्हणाला, मामांचं घर केव्हाच राहण्याजोगं झालंय. हॉलचं प्लास्टर हाताला गुळगुळीत लागत होतं, तरी मामांनी ते पुन्हा घासायला लावलंय. गोटीराम सुताराने दार बसवलं होतं, ते उतरवून दुसऱ्या अंगाला उघडेल असं करायला सांगितलंय. महेशने लहानूला बाजूला घेऊन विचारलं की काम कशाला अडलंय. लहानू एवढंच म्हणाला, "काम नाय अडलं. आम्ही गेल्यावर अण्णा काय करील?"

मी घर बांधलेली बाई आहे, मल्हारी. पहिली फरशी चुकून उखडली असेल. बाकीचं चुकून होत नाही. तुझं घर झालंय, तूच ते होऊ देत नाहीस. का, ते मला लिही. बहिणीला लिहिणार नाहीस तर कोणाला?

तुझी,
ताई


नाशिक, २५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

महेश चहाला आला होता की पंचनाम्याला? घर माझं आहे. दार कुठल्या अंगाला उघडायचं ते मी ठरवीन. तू तुझा गुडघा सांभाळ.

मल्हारी


नाशिक, १२ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

मागचं पत्र टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढता येतं का ते पाहिलं. राग धरू नकोस.

लहानू खरं बोलला. ज्योत्स्ना गेल्यावर वर्षभर फ्लॅटमध्ये होतो, तेव्हा माझा फोन कधी वाजलाच तर बँकेचा किंवा हर्षलचा रविवारचा. हर्षल चांगला आहे, पण त्याचं बोलणं तब्येतीपासून सुरू होऊन तब्येतीवरच संपतं. एक ठेकेदार नेमला असता तर त्या एकाचाच फोन आला असता, तोही स्लॅब पाहून जा म्हणायला. वेगवेगळे नेमले तर प्रत्येकाला मला विचारल्याशिवाय खिळा मारता येत नाही. रोज सकाळी कोणाला तरी माझी गरज लागते, ताई. दुपारी कोणीतरी विचारतं की अण्णा जेवले का. दोघांना एका दिवशी बोलावलं तर ते एकमेकांशी बोलतात आणि लवकर संपवतात. म्हणून एकेकाला बोलावतो.

घर पुरं झालं की हे सगळे दुसऱ्याच्या घरी जातील, आणि मी इतक्या खोल्यांत एकटा फिरेन. हर्षल वर्षाकाठी चार दिवस येईल. तू नाही म्हणालीस. मग पुरं कोणासाठी करायचं, हे मला खरोखर कळत नाही.

असं लिहायला नको होतं, पण तू विचारलंस.
तुझा,
मल्हारी


सटाणा, ५ जानेवारी २०२५

चि. मल्हारीस अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, मी एकदा नाही म्हणाले ना? मग दुसऱ्यांदा विचारायचं असतं. आपल्या थोरल्या आत्याला न्यायला बाबा जायचे तेव्हा ती दरवेळी म्हणायची की मला सवड नाही, पिकं उभी आहेत, आणि तिचं गाठोडं आत बांधलेलं असायचं. बाबा ते ऐकूनच घ्यायचे नाहीत. लेक माहेरी आपल्या पायाने निघत नाही, मुराळी दारात यावा लागतो. तू मुराळी म्हणून यायचं सोडून माझ्या खोलीत सिमेंट भरलंस.

आता माझं ऐक. महेश, तेजस्विनी मला काही कमी पडू देत नाहीत. पण माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि घरात सारखं ओरडायला कोणाला आवडतं? आधी मोठ्याने बोलायचे, मग थोडक्यात बोलायचे, आता खुणा करतात. ताट येतं, बोटाने दाखवतात, गोळी येते, बोटाने दाखवतात. दिवसभरात एक पुरं वाक्य माझ्या वाट्याला येत नाही. तुझं पत्र आलं की मी ते सगळे बाहेर गेल्यावर मोठ्याने वाचते. ऐकू येत नाही, पण घशाला तेवढीच सवय राहते.

लुगडी मी दिवाळीलाच ट्रंकेत भरून ठेवली आहेत. भाऊबीजेला तू येशील आणि पुन्हा विचारशील असं वाटलं होतं. तू फरशीला पॉलिश करत बसलास.

तुला माणसं हवीत म्हणून तू घर लांबवलंस, आणि मी इथे त्याच घराची वाट बघत बसले. शहात्तर पुरी झाली मला. गावाचं काय ते महेश बघून घेईल, मी त्याला सांगितलंय. तू ये.

तुझी वाट पाहणारी,
ताई


नाशिक, २२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून उन्हात प्लॉटवर बसून राहिलो. लहानूने विचारलं, घरी कोणी वारलं का. मी म्हणालो, नाही, बहीण यायचीय. त्याने ताबडतोब गोण्या उचलायला घेतल्या.

तुझ्या खोलीचं प्लास्टर, फरशी, वाळणं यात महिना गेला. आज मात्र सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलं, पुंजा, राजू, गोटीराम, रंगारी, सगळे. तू म्हणालीस तसंच झालं. एका शिडीसाठी चौघे भांडले, रंगाचा डबा गोटीरामच्या रंध्यावर सांडला, पुंजाने राजूला काय काय ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. घरात इतका आवाज पहिल्यांदाच झाला. आणि संध्याकाळपर्यंत काम संपलं. मी पुन्हा काही करायला सांगितलं नाही. प्रत्येकजण पाया पडून गेला. लहानू सर्वांत शेवटी गेला. वास्तुशांतीला बायकापोरांसह ये म्हणालो, हो म्हणाला. मग दार लावून घेतलं.

महाशिवरात्रीची त्र्यंबककडची गर्दी ओसरली की गुरुवारी, ६ मार्चला, सकाळच्या गाडीने मी मुराळी म्हणून येतो. तू सवयीने नाही म्हण, मी ऐकणार नाही.

एक सांगायचं राहिलं. दारावर कोणी आलं तर तुला घंटा ऐकू यायची नाही, म्हणून राजूकडून बाहेरच्या बटणाला तुझ्या खोलीत एक पिवळा दिवा जोडून घेतला आहे. बटण दाबून धरलं की तेवढा वेळ तो लागतो. दुपारीच वीज गेली होती, सगळे निघून गेल्यावर आली, त्यामुळे तपासायचा राहून गेला. मग मीच बाहेर जाऊन बटण दाबलं आणि धावत आत आलो, तर खोलीत अंधार. पुन्हा गेलो, पुन्हा दाबलं, पुन्हा आलो. बऱ्याच फेऱ्यांनंतर लक्षात आलं की बटणावर बोट माझं असतं तेव्हा मी दारात असतो, आणि दिवा लागला का ते सांगायला आत कोणी नसतं.

कळावे. बाकी तू आल्यावर.
तुझा,
मल्हारी