‘माझ्यानंतर’ नावाची वही

६ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. आ.

आज सकाळी सहाला उठलो. चहा केला. कुंड्यांना पाणी घातले. दहाला डॉक्टरांकडे जाऊन हृदय तपासून घेतले. उत्तम आहे म्हणाले. घरी येऊन भात लावला, तो करपला. दुपारी कपाट आवरले. तुझी वहिनी गेल्याला आज अकरा आठवडे झाले.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला निम्मे ऐकू येते आणि उरलेले तू मनाने जुळवतेस. मागच्या खेपेला मी खोकला आहे म्हणालो, तर तू ‘मोकळा आहे’ असे ऐकून लगेच राहायला बोलावलेस.

काम असे आहे. माझी ती वही सापडत नाही. चार वर्षांपूर्वी हृदयाचे दुसरे ऑपरेशन झाले, तेव्हा मी ती तुझ्या वहिनीसाठी लिहिली होती. वर ठळक अक्षरात ‘माझ्यानंतर’. चौसष्ट पाने, पुढे अनुक्रमणिका. मुख्य नळ कोणत्या बाजूला फिरतो, फ्यूज उडाला तर कुठला बघायचा, कुलूप अडकले तर किल्लीला कसा हिसका द्यायचा. चौतीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला एकाच दोरावर टांगलेले काही पाहवत नाही. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, त्यात हृदय हे असे. क्रम ठरलेला होता. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघे माझे हृदय तपासून येत होतो. तिला चार दिवस ताप आला.

आता गंमत अशी की वहीत जे आहे ते मला येतेच. जे येत नाही ते कुठेच लिहिलेले नाही. कुंड्यांना पाणी किती, लोकरीचे कपडे कशात धुवायचे, शेजारच्या मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या की काय बोलायचे. तुला ठाऊक असेल ते कळव.

वही मात्र हवी आहे. लिफ्टच्या नोंदवहीत असते तशी प्रत्येक पानाखाली ‘वाचले’ असे लिहून मी सहीला जागा सोडली होती. दिली तेव्हा ती सवडीने बघते म्हणाली. पुढे मी विचारले नाही. तिने ती वाचली का, तिला तिचा काही उपयोग झाला का, एवढेच मला पाहायचे आहे.

सवड झाली की चार ओळी लिही. माया आहे ती राहू दे.
तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच बरं का, कंबर धरली आहे.)

पत्र पोचलं. आधी कुंड्या. तू रोज ठरल्या वेळी पाणी घालत असणार आणि झाडं बुडत असणार. वहिनी मातीत बोट घालून बघायची. ओलं लागलं की पुढे, कोरडं लागलं की पाणी. वेळापत्रक वगैरे काही नव्हतं. आता कृपा करून बोट किती खोल घालायचं ते उलट टपाली विचारू नकोस.

लोकरीचे कपडे कोमट पाण्यात, आणि पिळायचे नाहीत. पण तू पिळले असशीलच. तो निळा स्वेटर आता माझ्या नातीला होईल, पाठवून दे. मास्तरीणबाईंशी आपण बोलायचंच नसतं, त्या बोलतात. आपण मान हलवायची आणि घराची किल्ली हातात दिसेल अशी धरायची.

एवढी चौसष्ट पानं लिहिलीस, पण स्वयंपाकघरातल्या त्या टेबलापुढे तुझं काही चाललं नाही, हे मी अजून सगळ्यांना सांगते. डुगडुगतं म्हणून एक पाय कापलास, मग दुसरा, मग तिसरा. अजून दोनदा डुगडुगलं असतं तर तुम्ही जमिनीवर बसूनच जेवला असता.

माझं शिवणकाम चालू आहे. तुझ्या मेहुण्यांच्या जुन्या शर्टांचे अभ्रे करते आहे, त्यांना अजून कळलेलं नाही. इकडे राहायला ये. खोकला असला तरी चालेल.

आहे तसा लोभ ठेव, ओरडलास तरी चालेल.
तुझी,
छोटी

२० फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. आ.

बोट पहिल्या पेरापर्यंत की दुसऱ्या? विचारू नकोस म्हणालीस, पण पहिल्याला कोरडे लागते आणि दुसऱ्याला ओले.

स्वेटर पाठवतो आहे. काही बोलू नकोस.

टेबलाची तुझी माहिती जुनी झाली. चार वर्षांपूर्वीच ते ठीक झाले. शेवटचा पाय मी दोन सूत कापला, तेव्हा काही फरक पडला नाही. पण थोड्या दिवसांनी लाकूड आपोआप बसले. पाणसळ ठेवून पाहिली, बुडबुडा बरोबर मधोमध. तेव्हापासून महिन्यातून एकदा ठेवून बघतो. हललेला नाही.

आता मूळ मुद्दा. तू सगळ्याची उत्तरे दिलीस आणि वहीबद्दल एक अक्षर लिहिले नाहीस. लहानपणी शाईची बाटली फोडलीस तेव्हाही तू तासभर मांजराबद्दल बोलत होतीस. तुला ठाऊक आहे. तिने रागाने फेकून दिली असेल तर तसे लिही. दोन महिने रोज एकेक कप्पा उपसतो आहे. काल माळा झाला. आता शोधायला जागा उरली नाही.

वाट बघतो.
दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने मला शपथ घातली होती. रागवायला ती असती तर मोडायला सोपी गेली असती.

वही टेबलाखाली आहे. खिडकीकडच्या पायाखाली, पिठाच्या मोठ्या डब्यामागे. तो डबा हलवायचा नाही असं तिने तुला सांगून ठेवलं होतं, म्हणजे तू तो अजून हलवला नसशील. तुझं लाकूडबिकूड काही बसलं नव्हतं, दादा.

तू वही दिलीस त्याच आठवड्यात मी आले होते. तू डॉक्टरांकडे गेलेला. वहिनीने वहीला तपकिरी कागद घातला, टेबलाच्या रंगाचा. मला म्हणाली, जरा उचल. मी टेबल उचललं, तिने वही दुमडून पायाखाली सरकवली. हाताने दाबून पाहिलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, यांनी या टेबलाचं पहिल्यांदा काहीतरी धड केलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तशीच फरशीवर बसून राहिली.

वाचलीस का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, वाचणारही नाही. ते नळ नि फ्यूज वाचायला लागलं की यांच्याशिवायचं घर डोळ्यांपुढे येतं, ते मला आत्तापासून नको. आणि तुला मुळीच सांगू नकोस म्हणाली. बुडबुडा मधोमध दिसला की तू फार खूश होतोस, असं तिचं म्हणणं.

तिला वहीचा उपयोग झाला का, असं विचारलं होतंस. चार वर्षं, रोज तीन वेळा झाला.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत.

माझ्यावर रागावलास तरी पत्र टाक.
तुझी,
छोटी

५ मार्च

चि. छोटीस,
अ. आ.

डबा हलवला. वही होती.

एकाही पानावर सही नाही. हे बघून बरे वाटले की वाईट, मला नीट सांगता येत नाही. टेबलाच्या पायाचा चौकोनी ठसा बऱ्याच पानांवर उमटला आहे. वही काढली तसे टेबल खिडकीकडे कलले आणि चहा सांडला. पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

तू आली नव्हतीस, पण निवृत्तीच्या भाषणात मी याच टेबलाचे उदाहरण दिले होते. प्रत्येक दोषाला हात लावायचा नसतो, काही गोष्टी धीर धरला की आपोआप जागेवर बसतात, असे. तुझी वहिनी पहिल्या रांगेत होती. तोंडाला रुमाल लावून बसली होती, खांदे हलत होते. मला वाटले, तिला भरून आले आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर नोंद केली. दोष, टेबल डुगडुगणे. दुरुस्ती करणारी, तिथे तिचे नाव घातले. तपासणारा, तिथे माझी सही. मदतनीस म्हणून तुझेही नाव आहे, म्हणजे पुढे काही झाले तर तू सुटणार नाहीस.

रागावलेलो नाही. पुढच्या महिन्यात चार दिवस येईन. मेहुण्यांना अभ्र्यांचे मी सांगणार नाही. कुंडीत आज दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातले. ओले लागले, पुढे गेलो.

कंबर सांभाळ. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा,
दादा

ता. क. वही परत बसवायला दोन माणसे लागतात. मास्तरीणबाईंना हाक मारावी असे एकदा मनात आले होते, पण किल्ली हातात धरून टेबल कसे उचलणार. शेवटी मीच टेबलाखाली बसलो, पाठीने ते उचलून धरले आणि वही पायाखाली सरकवली. मग डबा जागेवर लावला आणि सांडलेला चहा पुसून घेतला.