मुरमावरची वाट

माय,

मी आत्ता आपल्या घरात बसले आहे, चूल होती त्या जागी भिंतीला टेकून. भाऊ परळीला पॉवर हाऊसात नोकरीला लागल्यापासून घर बंदच असतं, किल्ली शेजारी असते. दुपारचा एक वाजून गेलाय. चार वाजता सोसायटीच्या शेडमध्ये बैठक आहे आणि मला तिथं बोलायचंय. तोवर एका जागी बसवत नाही. दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. एकदा घागरीत पाणी आहे का ते बघितलं, ती कोरडी असणार हे माहीत असून. यंदाही टँकर दोन दिवसाआड येतोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस की गं एका जागी, पायाला काय चाकं हायती का?" तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी माझ्या पायांची चाकं काही निघाली नाहीत.

दूध सोसायटीची ती शेड पाडणार आहेत. पत्रे सडलेत, आठातल्या एका खांबाला भेग गेली आहे. बंद पडलेली सोसायटी पुन्हा सुरू झालीय, आणि आता अध्यक्ष कोण आहे सांगू? दूध मापून घेणाऱ्या आण्णांचा थोरला. त्याचा फोन आला. "म्याडम, तुमी गावच्याच. नकाशा तुमीच काढा. पर जुनी होती तशीच पायजे, चारी बाजूंनी मोकळी." म्याडम म्हणतो मला! लहानपणी नाव घेऊन हाकही मारत नव्हता. मी फुशारले आणि लगेच हो म्हणाले. मग फोन ठेवल्यावर त्याचे शेवटचे तीन शब्द डोक्यात बसले ते गेले महिनाभर हलायला तयार नाहीत. चारी बाजूंनी मोकळी. हे शब्द त्याचे नाहीत, माझेच आहेत. वीसेक वर्षांपूर्वी मीच ते सगळीकडे सांगत सुटले होते.

ती शेड दुष्काळी कामातली. तिच्या जोत्यात भरलेली खडी तू फोडली होतीस. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची, तुझ्याजवळ पोत्यावर बसून फुटलेले दगड रंगांप्रमाणे वेगळे करायचे आणि मुकादम ते पुन्हा एकत्र करायचा. तिथंच एकदा हातोडी तुझ्या उजव्या अंगठ्यावर बसली. नख गेलं, नवं आलं ते जाड, वाकडं आणि मधोमध चिरलेलं. शेड उभी राहिली, सोसायटी निघाली, बाबा ऊसतोडीला कारखान्यावर गेले आणि तू त्या एका जर्सी गायीच्या मागे लागलीस. उसाचं वाढं आणायचीस, सरकी भिजवायचीस, टँकरच्या पाण्यातला पहिला हंडा गायीला. मला याचा राग यायचा, हेही आज सांगून टाकते. आम्ही दुसऱ्या हंड्यातले.

सकाळी तू दुधाची मोठी किटली घ्यायचीस आणि मी लहान. शेडला समोरून, रस्त्याच्या बाजूनं दोन पायऱ्या होत्या. गावातली माणसं त्या चढून आत जायची, टेबलावर दूध ओतायची, फॅट बघायची, मग मधल्या जागेत बसून पेपर वाचायची. आपल्या बौद्ध वस्तीतल्या बाया पायऱ्यांकडं वळायच्याच नाहीत. हापशाला वळसा घालून, बाभळीखालून, शेडच्या पाठीमागच्या कोपऱ्याशी यायचं. तिथं जमीन उतरती, म्हणून जोतं माझ्या छातीइतकं उंच होतं. त्यावर किटली ठेवायची आणि चार पावलं मागं सरून उभं राहायचं. मग आण्णा आतून चालत यायचे, हसून म्हणायचे, "ठिव बाई तिथंच, मी आलो." ते कधी खेकसले नाहीत, त्यांनी कधी माप मारलं नाही. तुझं दूध सगळ्यांच्याच कॅनमध्ये जायचं. फक्त तू जायची नाहीस.

नंतर मी आर्किटेक्चर शिकायला पुण्याला गेले. चौथ्या वर्षाला सरांनी अभ्यास दिला, की भिंती नसलेली एखादी इमारत निवडा, एखादा मंडप, आणि तिची आकृत्यांतून फोड करा. पहिली आकृती जागांची, दुसरी उंबऱ्यांची, म्हणजे आत कुठून शिरता येतं त्याची, तिसरी माणसांच्या वाटांची. बाकीच्यांनी देवळांचे सभामंडप घेतले, बागेतल्या छत्र्या घेतल्या. मी आपली शेड घेतली. उन्हाळ्यात येऊन टेप लावून मोजली. वाटा शोधायची युक्ती सरांनीच शिकवली होती: फरशी कुठं झिजलीय ते बघा. जिथं झीज जास्त तिथून माणसं जास्त. मी गुडघ्यांवर बसून शेडमधली शहाबादी हातानं चाचपली आणि झिजेप्रमाणे बाण काढले, कुठं जाड, कुठं बारीक. उंबऱ्यांच्या आकृतीत चारी बाजूंनी नुसती तुटक रेघ दिली आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं: चारी बाजूंनी मोकळी, कुणीही कुठूनही यावं अशी इमारत. माझ्याच हुशारीवर मी खूश होते.

ती शीट मी याच जमिनीवर पसरली. एका कोपऱ्यावर तांब्या, एकावर वरवंटा, दोन कोपऱ्यांवर त्याच दोन किटल्या. तू भाकरी थापत होतीस. परातीवरूनच वाकून बघितलंस.

"काय हाय गं हे?"

"सोसायटीची शेड. वरून बघितल्यावर अशी दिसती."

"आन् हे बाण कशाचे?"

"माणसं कुठून येत्यात, कुठं जात्यात, त्याचे."

तू हात पुसून शीटपाशी आलीस. तुला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, पण शेड ओळखायला तुला वेळ लागला नाही. हापसा सापडला, बाभूळ सापडली. बोटानं हवेतच सगळी शेड फिरून आलीस, कागदाला न शिवता.

"मी कुठाय ह्यात?"

मी फरशीच्या झिजेचं सांगितलं. शिकवल्यासारखं, सरांच्या सुरात. तू सगळं ऐकून घेतलंस.

"आमच्या पायाखाली फरशी व्हती का? मुरमात काय झिजंल?"

तव्यावरची भाकरी करपत होती आणि तू, कधी भाकरी करपू न देणारी, उठली नाहीस. "ज्यांनी बघितलं न्हाई त्यांनी आसं काढावं," तू म्हणालीस. "तू तर माझ्या मागं किटली घिऊन यायचीस." मी पेन्सिल पुढं केली तर घेतली नाहीस, कागद काळा होईल म्हणालीस. अंगठ्याचं ते नख टेकवलंस आणि वाट ओढलीस, हापशाला वळसा, बाभळीखालून, मागच्या कोपऱ्यापर्यंत. नख चिरलेलं म्हणून एका ओढीत दोन बारीक रेघा उमटल्या, जवळजवळ, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या. "हितनं," म्हणालीस आणि भाकरी उलटायला गेलीस.

मी म्हणाले, नवीन शीट काढते. नाही काढली. दोन दिवसांवर परीक्षण होतं, एवढंच कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आले. खरं कारण वेगळं होतं. वर्गात माझ्या आडनावावरून कुणी काही विचारलं नव्हतं आणि मला ते तसंच राहायला हवं होतं. तो कोपरा काढला असता तर तिथं कोण उभं राहायचं हे सांगावं लागलं असतं. शीटला पहिला नंबर मिळाला. पुढं मी शिकवायला लागले तशी ती काचेत बसवून वर्गात लावली आणि दरवर्षी नव्या पोरांना दाखवत राहिले. काचेवर तिरकं ऊन आलं की तुझ्या रेघा दिसायच्या. मी पडदा ओढून घ्यायचे.

गेल्या आठवड्यात काच काढली. पेन्सिल आडवी धरून तुझ्या रेघांच्या बाजूवर हलकेच घासत गेले, लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून घासायचो तशी. सगळं काळं झालं आणि तुझी वाट पांढरी वर आली. मला वाटत होतं ती हापशापासून सुरू होते. तशी नव्हती. कागद संपतो तिथून, आपल्या घराच्या दिशेनं, कडेपासून आली होती. तू घरातून निघाली होतीस. मी त्या दिवशी नीट बघितलंही नव्हतं.

पावणेचार झाले. जाऊन येते.

आले. साडेसहा होतायत, अजून उजेड आहे. पंधरा-वीस माणसं होती, आपल्या वस्तीतली चौघं. मी नवा नकाशा बाजूला ठेवला आणि आधी जुनी शीट उलगडली, पेन्सिलीनं काळी केलेली. म्हणाले, ही शेड चारी बाजूंनी मोकळी होती असं मीच लिहिलंय आणि ते खोटं आहे. आण्णांचा थोरला जरा ताठ झाला. "आण्णांनी कुणाला आडवलं न्हवतं," म्हणाला.

"न्हवतं आडवलं," मी म्हणाले. "आडवावं लागतच न्हवतं."

मग तोच म्हणाला, "मागं पायऱ्या घालू की मग. त्यात काय एवढं." माय, मला इतका संताप आला. त्यात काय एवढं! पण तो संताप कुणावर काढायचा ते कळेना, कारण नव्या नकाशात मागच्या पायऱ्या मी घरूनच आखून नेल्या होत्या. मंजूर झाल्या. तुझ्या कोपऱ्यात तीन पायऱ्या येणार, रुंद, किटली घेऊन चढता येतील अशा. आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण तू तर आता चढणार नाहीस.

उठता उठता आपल्या वस्तीतल्या एकानं शीटवर बोट ठेवून विचारलं, "ही रेघ कशाची हो, ताई?" मी सांगितलं, माझ्या आईच्या नखाची. तो नुसता हं म्हणाला. त्याचा प्रश्न मी घरापर्यंत घेऊन आले. हा कागद पाठवायचा कुठं, शीटबरोबर नळीत गुंडाळून ठेवीन. पण त्याआधी हे एवढं लिहिते.

हाच प्रश्न मला आधी एकदा विचारला होता. परीक्षणाच्या दिवशी, बाहेरून आलेल्या सरांनी शीट उजेडाकडं तिरकी धरली आणि म्हणाले, ही रेघ कसली? मी म्हणाले, एसटीत घडी पडली, सर. ते भले होते. शीट टेबलावर ठेवून तळव्यानं ती घडी सपाट करायला लागले. आणि मी दुसऱ्या बाजूनं दाबली.