शेवटचा अर्धा तास

कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय भूमिका,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. घरात मोबाइल असताना माय पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. मोबाइल अर्धा दिवस तुझ्या बाबूजींच्या हातात असतो, आणि मला जे विचारायचं आहे ते त्यांच्या नजरेस पडायला नको. आमगावच्या पोस्टात मी स्वतः जाऊन टाकणार आहे. तू अश्विनशी लग्न करून नागपूरला राहायला गेलीस त्याला सव्वादोन वर्षं झाली. गावच्या मंडईच्या दोन जत्रा झाल्या. दिवाळीनंतर गावच्या सगळ्या लेकी मंडईला आल्या, तू आली नाहीस. तिसरी मंडई आता तीन आठवड्यांवर आली आहे आणि ती तुझ्याविना जाऊ नये म्हणून लिहायला बसले. पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा आधी माझे सिनेमे ऐक.

माझा नेम गेल्या आठवड्यापर्यंत तरी सुटला नव्हता. भांडी आटोपली की दोन वाजता मांडीवर निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन टीव्हीसमोर. सिनेमा कसा आहे हे मी अजूनही तांदळावरूनच ठरवते. पायलीभर निवडून झाला तर सिनेमा टाकाऊ. सूप तसंच राहिलं आणि रात्री भातात खडे लागले तर उत्तम. मागच्या महिन्यात एक लागला होता, त्यात हिरो रोवणीच्या बांधीत पांढरे बूट घालून गाणं म्हणतो. बुटाला चिखल लागत नाही, आणि मागच्या बायकांच्या हातात धानाचं रोप नाही, गवत आहे! दीड पायली निवडून झाली. नवे सिनेमे तर इतके काळोखे असतात की माणसं जेवतात काय तेही दिसत नाही. दक्षिणेकडचे मला आवडतात. एका लाथेत दहा जणांना उडवणारा तो गडी आपल्याकडे मळणीला मिळाला असता तर दोन दिवसांत खळं मोकळं झालं असतं. सिनेमातल्या आया मात्र मला कधीच पटल्या नाहीत. मुलगा वीस वर्षांनी घरी येतो आणि ही आरतीचं ताट शोधायला धावते, आधी तांब्याभर पाणी द्यायचं सुचत नाही. हे सगळं मी बाबूजींना मोठ्यानं ऐकवते आणि ते हूं म्हणतात.

तुला आठवत असेल, सव्वाचार झाले की मी उठायची. सिनेमा कितीही रंगात आलेला असो, म्हैस थांबत नसे आणि डेअरीचा माणूसही थांबत नसे. शेवटचा अर्धा तास मी कधी पाहिलाच नाही. तो बाबूजी बघायचे, आणि मी डेअरीतून परत आले की चहा पिता पिता मला सांगायचे. एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण शेवट सांगताना हातवारे करायचा. ‘आयक, बाई वाचली. म्हातारा बी वापस आला. सप्पा जेवाले बसले अना पोरीनं बापाले दुबारा भात वाढला.’ तो दुबारा भात प्रत्येक सिनेमात असायचा. मला वाटायचं, सिनेमावाल्यांना पंगतीचं भारीच वेड आहे. तू सातवीत असताना एकदा म्हणाली होतीस, ‘माय, असं नाही झालं,’ आणि बाबूजींनी तुला डोळ्यांनीच गप्प केलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

पोळ्याच्या आधी म्हैस विकली. तिचं वय झालं होतं आणि माझे गुडघेही आता बसू देत नाहीत. तेव्हापासून सव्वाचारला मला उठावं लागत नाही. गेल्या आठवड्यात तो नावाड्याचा जुना सिनेमा पुन्हा लागला. मला चांगला आठवत होता. पुरात नावाडी पलीकडच्या काठावरून मुलीला घेऊन येतो, बायको चूल पेटवते, सगळे जेवतात, असं बाबूजींनी सांगितलं होतं. बाबूजी त्या दिवशी जवळच्या गोरेगावच्या बाजारात गेले होते. मी एकटीच शेवटपर्यंत बसले. भूमिका, नाव बुडते गं. मुलगी पलीकडे उभीच राहते, आणि पडद्यावर नावं येऊ लागतात. चूल नाही, भात नाही, काही नाही. मला वाटलं, यांची काहीतरी गफलत झाली असेल. म्हणून शेजारच्या रिंकूला सांगून मोबाइलवर आणखी चार जुने सिनेमे शोधले आणि चारांचे फक्त शेवट पाहिले. आंधळी झालेली मास्तरीण बरी होत नाही. दोन भावांपैकी एक तुरुंगातच मरतो. उरलेल्या दोन सिनेमांचं तर सांगायलाच नको. एकातही कुणी कुणाला दुबारा भात वाढत नाही.

आधी राग आला. तीस वर्षं या माणसानं मला बनवलं! दोन दिवस त्यांच्या चहात साखरच घातली नाही. ते तसाच प्यायले. मग आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही गोंदियाला टॉकीजमध्ये सिनेमा पाहायला गेलो होतो. शेवटी त्यातलं लहान पोर दगावलं, आणि मी घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हा ते माझ्या ताटाशी बसून नुसतं विचारत राहिले होते, ‘काऊन नाही जेवून राहिली? खोटं होतं नं ते.’ त्यानंतर म्हशीची वेळ झाली की तेच मला आठवण करून द्यायचे, ‘जाय, सव्वाचार झाले.’ मी गेल्यावर खरे शेवट ते एकटेच पाहायचे आणि माझ्यासाठी दुसरे तयार ठेवायचे. असा माणूस आहे तो. तुझ्याशी मात्र नीट वागला नाही, हेही मला दिसतं.

तू निघालीस त्या दिवशीही सव्वाचारच वाजले होते. अंगणात तुमचं दोघांचं चाललं होतं. तू म्हणत होतीस, लग्न ठरलं आहे, तुम्ही या. ते खाटेवर तोंड फिरवून बसले होते. आणि मी काय केलं? बादली उचलली आणि गोठ्यात गेले. अर्धा तास थांबले असते तर म्हैस मेली नसती. मी उठले, कारण पुढचं मला बघवणार नव्हतं. डेअरीतून आले तर तू नव्हतीस. ते म्हणाले, ‘मीच फाट्यावर गाडीत बसवून आलो. हासत गेली.’ मी चहा ठेवला. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी तेही खरं मानलं, याची मला लाज वाटते.

मग गेल्या पौषात ते एकटे नागपूरला गेले. कुणाकडून तरी तुझा पत्ता मिळवला होता. नव्या चिन्नोरचे पाच किलो तांदूळ मी निवडून पिशवीत भरून दिले, एकही खडा राहू दिला नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आले तेव्हा रिकामी पिशवी घडी करून खिशात होती. मी विचारायच्या आधीच सांगू लागले, हात हलवून. ‘भेटली. बरी हाय. जावई बी भला माणूस हाय. वांग्याची भाजी होती. मले जेवाले बसवलं अना पोरीनं दुबारा भात वाढला. मंडईले येतो म्हणे.’ मला इतका आनंद झाला की मी तुला मोबाइलवर लिहिलं, बाबूजी भेटून गेले, फार बरं वाटलं. तू नुसते जोडलेले हात पाठवलेस. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. गेल्या आठवड्यात नावाड्याचा सिनेमा संपला आणि मला त्यांच्या नागपूरच्या गोष्टीतला तो दुबारा भात आठवला. तेव्हापासून सुपातले तांदूळ तसेच आहेत, टीव्ही बंद असूनही.

म्हणून हे पत्र. मला खरं सांग. ते तुझ्या दारापर्यंत आले होते का? आले असतील तर तू दार उघडलंस का? माझे निवडलेले तांदूळ तुझ्या घरात शिजले, की ते स्टेशनवर कुणाला तरी देऊन परत आले? तू दार उघडलं नसशील तरी मी तुला बोल लावणार नाही. ते जिन्यावरूनच मागे फिरले असतील, तर मला कळलं हे त्यांना कधी कळू देणार नाही. जुन्या सिनेमांचे शेवट ते सांगतील तसे मी ऐकत राहीन. तुझा मात्र मला खरा हवा. आणि मन झालं तर मंडईला ये, जावयांना घेऊन ये. मी वांग्याची भाजी करते, आणि बाबूजींना भात तू वाढ. दोनदा वाढ. ते तोंड फिरवून बसतील, तू रागावशील, काय व्हायचं ते होऊ दे. गोठा रिकामा आहे. या वेळी मी उठून जाणार नाही.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
माय